वाजता टाळ

(मास्तरांच्या स्मृतीप्रीत्यर्थ चिंचवड येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला तो 'रोजची भीती आणि श्रद्धा' असा. मी म्हटलं, श्रद्धेवर बोलायला एका बाजूला आळंदी, दुसऱ्या बाजूला देहू, मध्ये मोरया गोसावी. इतकं सगळं उशाला असताना निवृत्त सेफ्टी ऑफिसर कशाला बोलावता? तर ते म्हणाले, "साहेब, तीस वर्षं लोकांना भीती घालायचाच पगार घेतलात. आता ती उतरवायची कशी तेही सांगा." उत्तर सुचलं नाही, म्हणून आलो.

हे गाव चापेकरांचं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर जे घडलं त्याला जी छाती लागते, तिच्याबद्दल मी बोलणार नाही. इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर चाकणचा संग्रामदुर्ग आहे. १६६० साली शायिस्तेखानाच्या एवढ्या मोठ्या फौजेसमोर फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळजवळ दोन महिने लढवला. त्याबद्दलही नाही. वेढा उठतो तरी, किंवा किल्ला पडतो तरी. एकदाचा निकाल लागतो. आपल्या भीतीचा निकाल लागत नाही. पहाटे पावणेसहाला कंपनीच्या बसच्या थांब्यावर ती आपल्या आधी येऊन उभी असते आणि रात्री आपल्याबरोबर घरी येते.

मराठीने या भीतीची मोठ्या बारकाईने वर्गवारी केलेली आहे. सुपरवायझरचा असतो तो धाक. रात्री दोन वाजता गावाकडचा नंबर मोबाइलवर दिसला की भरते ती धडकी. आणि ब्रेकची असते ती धास्ती. सभागृहात बाहेरगावचे कोणी असतील तर त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे 'ब्रेक' म्हणजे गाडीचा नव्हे. कायद्यातला २४० दिवसांचा आकडा जवळ आला की ठेकेदार कंत्राटी पोराला काही दिवस घरी बसवतो आणि मग नव्या कागदावर परत घेतो. घेतो, किंवा घेत नाही. सातवा महिना लागला की या पोरांचं जेवणातलं लक्ष उडतं. मी कँटीनमध्ये ताटाकडे बघून सांगत असे, कोणाचा ब्रेक जवळ आलाय.

क्रियापदंही पाहा. धाक दाखवतात. धडकी भरते. धास्ती लागते. ही सगळी बाहेरून येणारी मंडळी. चौथा शब्द मात्र निराळा आहे: धसका. धसका आपण घेतो. कोणी दिलेला नसतो, आपणच उचलून घरात आणतो, आणि एकदा आणला की तो भाडं न देता वर्षानुवर्षं राहतो. मला आज बोलायचंय ते मुख्यतः या भाडेकरूबद्दल.

मी घेतलेला धसका सांगतो. भोसरीतलं एक लहान युनिट, नाव घेत नाही. गाडीच्या दाराच्या बिजागरीचे तुकडे पत्र्यातून काढायचं काम. दहा-बारा पॉवर प्रेस एका ओळीत. जुने, पिन-क्लचचे, पायडलवर चालणारे. पायडल दाबलं की स्ट्रोक एकदाच खाली यावा अशी रचना असते, पण क्लचची पिन झिजली किंवा स्प्रिंग तुटली की प्रेस न सांगता दुसऱ्यांदा येतो. त्याला आम्ही रिपीट म्हणतो. म्हणून पुढे गार्ड असतो, म्हणून जॉब चिमट्याने उचलायचा असतो, म्हणून पुढच्या काळात दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय न चालणारी मशिन्स आली. हे सगळं मला पाठ होतं. मी नवा होतो, परीक्षा ताजी होती.

त्या सकाळी चार नंबरच्या प्रेसचा गार्ड काढून भिंतीला टेकवून ठेवलेला होता आणि त्याचा लिमिट स्विच तारेने बांधून टाकला होता, म्हणजे मशीनला वाटावं गार्ड जागेवर आहे. टार्गेट होतं. गार्ड असला की तासाला जॉब कमी निघतात. मी ते पाहिलं. वहीत लिहिलं. सांगायला ऑफिसात निघालो, वाटेत कोणीतरी चहाला थांबवलं. चहा संपायच्या आत आतून ओरडण्याचा आवाज आला. पोरगा बावीस वर्षांचा होता, उजव्या हाताची दोन बोटं गेली. मशीनच्या माथ्यावर गणपतीचा फोटो होता, ताजा हार होता, खाली लिंबू-मिरची होती. सगळं जागेवर होतं. गार्ड सोडून.

त्यानंतर कित्येक महिने प्रेसशॉपमध्ये पाय टाकला की माझ्या हाताला घाम सुटायचा. मी लांबून वळसा घालून जायचो. सेफ्टी ऑफिसर धोक्याच्या जागेला वळसा घालून जातो, यापेक्षा लाजिरवाणं काय असेल? घरी कोणी आवाज करून ताट ठेवलं तरी दचकायचो. आईने दृष्ट काढली. मी काढू दिली. तिला बरं वाटलं, मला फरक पडला नाही.

फरक पडला तो मास्तरांमुळे. म्हणजे ज्यांच्या फोटोला आपण आत्ता हार घातला, त्यांच्यामुळे.

मास्तर कुठल्या शाळेत मास्तर नव्हते. मेंटेनन्स फिटर होते. अप्रेंटिस पोरांना शिकवायचे म्हणून मास्तर. बहात्तरच्या दुष्काळात बार्शीकडून आलेला माणूस, गळ्यात तुळशीची माळ. रोज शिफ्ट सुरू होताना ते मशीनच्या पाया पडायचे. त्यात विशेष काही नाही, आपल्याकडे निम्मे लोक पडतात. विशेष होतं ते पुढे. पाया पडून झालं की ते मशीनला प्रदक्षिणा घालायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात हसलो. मग एक दिवस मागोमाग फिरलो. तेव्हा लक्षात आलं की हा माणूस फिरताना खाली वाकून तेल गळतंय का बघतोय, क्लचच्या झाकणाला हात लावून नट हलवतोय, गार्डचे बोल्ट मोजतोय, अर्थिंगची पट्टी सुटली का पाहतोय, आणि पुढे येऊन शेवटी लाल बटण दाबून मशीन खरंच बंद पडतं का ते तपासतोय. प्रत्येक ठिकाणी तोंडाने म्हणायचे: "तेल नाही. नट घट्ट. गार्ड चार बोल्ट. लाल चालू." मग वर हात जोडून "विठ्ठल." मगच पहिला जॉब.

मला म्हणाले, "तुम्ही उद्यापासून माझ्याबरोबर फिरा. चार नंबरपासून सुरुवात." मी म्हटलं, मला भीती वाटते. ते म्हणाले, "वाटू दे की. तिलाबी बरोबर घ्या. मशीनला डोळे नाहीत, भीतीला आहेत."

तीन आठवडे मी त्यांच्यामागे प्रदक्षिणा घातल्या. पहिल्या दिवशी हात लावायला दहा मिनिटं लागली. पंधराव्या दिवशी मी बोल्ट मोजताना चहाचा विचार करत होतो, त्यावर मास्तरांनी झापलं. म्हणजे बरा झालो होतो.

फार वर्षांनी एका जपानी कंपनीच्या माणसांबरोबर काम करताना हेच पुन्हा भेटलं. त्यांच्याकडे रेल्वेचा मोटरमन सिग्नल नुसता बघत नाही. त्याकडे बोट दाखवतो आणि मोठ्याने म्हणतो की सिग्नल हिरवा. समोर कोणी ऐकणारं नसतानाही म्हणतो. वाफेच्या इंजिनांच्या काळापासूनची पद्धत आहे, पुढे ती कारखान्यांत आली. जपानच्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ साली याचा प्रयोग करून पाहिला. नुसतं बघून साधं काम करताना शंभरात २.३८ चुका होत होत्या. बोट दाखवून आणि मोठ्याने म्हणून केलं तर ०.३८. म्हणजे जवळजवळ ८५ टक्के चुका कमी. डोळा, हात, तोंड आणि कान एकाच गोष्टीवर आले की मनाला दुसरीकडे भटकायला वाव राहत नाही. मी तो तक्ता बघितला आणि मला बार्शीकडचा फिटर आठवला. त्याने ते कुठे वाचलं असणार? हरिपाठ म्हणणारा माणूस तो. लहानपणापासून त्याला एवढंच माहीत होतं की नुसतं मनात म्हणून भागत नाही, तोंडाने म्हणावं लागतं, आणि रोज म्हणावं लागतं. आपणही लहान असताना दिवेलागणीला भीमरूपी मोठ्यानेच म्हणत होतो. अंधाराची भीती वाटणाऱ्या पोराला कोणी 'मनातल्या मनात म्हण' असं सांगितल्याचं मला आठवत नाही.

आता यात श्रद्धा कुठली आणि अंधश्रद्धा कुठली, असं विचाराल. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी हा प्रश्न महाराष्ट्राला आयुष्यभर विचारला आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्याच्या पुलावर त्यांचा खून झाला. मी त्यांच्याइतका अभ्यासू नाही. माझी कसोटी कारखान्यापुरती आहे, ती सांगतो. लिंबू बांधल्यामुळे बोल्ट तपासायचा कंटाळा येत असेल, तर ते लिंबू काढून सरबत करा. आणि पाया पडल्यामुळे मशीनकडे नीट बघितलं जात असेल, तर खुशाल दहा वेळा पडा. खंडेनवमीला आपण मशीन पुसतो, वंगण घालतो, मग पूजा करतो. ज्या कारखान्यात हा क्रम उलटतो, म्हणजे आधी हार आणि मग कोणी पुसलं तर पुसलं, तिथे मला काळजी वाटायची.

या पद्धतीला आपल्याकडे सुंदर शब्द आहे: नेम. नेम म्हणजे ठरवून, न चुकता करायची गोष्ट, आणि नेम म्हणजे निशाण्यावर रोखलेली नजरही.

नेमाची एक गोष्ट तुम्हा बऱ्याच जणांना ठाऊक असेल. हैबतबाबा आरफळकर. साताऱ्याकडच्या आरफळचे. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार होते. परंपरा अशी सांगते की नोकरीतून गावी परतताना सातपुड्यात दरोडेखोरांनी त्यांना पकडलं आणि गुहेत कोंडलं. तिथे त्यांनी एकवीस दिवस हरिपाठ म्हटला. मग टोळीच्या नायकाला मुलगा झाला आणि त्या आनंदात त्याने त्यांना सोडून दिलं. घरी न जाता ते आळंदीला आले आणि ज्ञानदेवांच्या पायाशी राहिले. मुलगा झाला हा चमत्कार की योगायोग, यावर मी वाद घालत नाही. माझं लक्ष जातं त्या एकवीस दिवसांकडे. गुहेत बसलेल्या माणसाला आपण उद्या असू की नाही हे माहीत नाही. त्याच्या हातात काय आहे? सकाळ कोणती, संध्याकाळ कोणती, हे ठरवणारं एक म्हणणं. कोंडलेल्या माणसाचे दिवस एकमेकांत मिसळले की त्याचं मन आधी मरतं. हैबतबाबांनी दिवस वेगळे ठेवले.

आणि सरदार माणूस असल्यामुळे पुढे त्यांनी काय केलं? आळंदीहून माउलींचा जो सोहळा निघतो, त्याला फौजेची शिस्त लावली. दिंडीला नंबर, रथापुढे किती, रथामागे किती, कुठली कुणाच्या मागे. आता ज्येष्ठात दिघीच्या बाजूने तो सोहळा पुण्याकडे जाईल, आणि तुकोबांची पालखी आकुर्डीला विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येईल. तेव्हा जरा सेफ्टी ऑफिसरच्या डोळ्यांनी बघा. लाखो माणसं, शेजारून ट्रक-कंटेनर जाणारा रस्ता, म्हातारी माणसं, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बायका. चेंगराचेंगरी का होत नाही? प्रत्येकाला आपली जागा माहीत असते.

त्या सोहळ्यातल्या एका गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे. आधी दोन घरगुती भीतींचं बघू.

पैशाची भीती. इथे पुन्हा मास्तर. बहात्तर साल पाहिलेल्या या माणसाच्या घरात शेवटपर्यंत महिन्याचं पीठ-डाळ डब्यात आणि पासबुकात तीन महिन्यांचं भाडं असायचं. त्याला हात लावायचा नाही, पोरीच्या लग्नातही लावला नाही. ब्रेक मिळालेल्या पोराला ते विचारायचे, "डबा भरलाय का?" भरला असेल तर म्हणायचे, मग रड कशाची, चल आकुर्डीला दर्शनाला. भरला नसेल तर स्वतःच्या घरून आणून द्यायचे आणि दर्शनाचं नाव काढायचे नाहीत. त्यांची भक्ती अशी होती, आधी डबा.

मला यात तुकोबांच्या घराण्याचा हिशोब दिसतो. १६३० च्या त्या भीषण दुष्काळात तुकोबांची थोरली बायको गेली, दुकान बुडालं, दिवाळं निघालं. मग भामचंद्र डोंगरावरचा एकांतवास, आणि पुढे कर्जखतं इंद्रायणीत सोडणं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यातला एक भाग मला फार आवडतो. परंपरा सांगते की सगळी खतं त्यांनी बुडवली नाहीत. भाऊ कान्होबाच्या वाटणीची अर्धी त्याला मोजून दिली आणि आपल्या वाट्याची अर्धी नदीत सोडली. निर्भय व्हायचं तर स्वतःच्या वाट्यात, दुसऱ्याच्या वाट्याचा जुगार खेळायचा नाही. हप्ते थकलेले असताना 'देव बघून घेईल' म्हणत नवी बुलेट बुक करणाऱ्या माझ्या मित्रांनी कान्होबाची अर्धी खतं लक्षात ठेवावीत.

दुसरी, रस्त्याची भीती. चाकणच्या एका असेंब्ली लाइनवर एक बाई होत्या. नवऱ्याचा मोशीजवळ अपघात पाहिल्यापासून स्कूटर सोडलेली. बस चुकली की रजा. त्यांना कोणीतरी सल्ला दिला, डोळे मिटून स्वामींचं नाव घ्या आणि सरळ हायवेला लागा. हा सल्ला देणाऱ्याला मी लायसन्स दिलं नसतं. आमच्या डॉक्टरांनी वेगळं सुचवलं: रविवारी सकाळी सहाला सोसायटीच्या आत. पुढच्या रविवारी गल्लीच्या तोंडापर्यंत. मग प्राधिकरणातल्या रुंद रस्त्यावर. नाशिक हायवेवर यायला त्यांना चार महिने लागले. आणि हो, निघताना त्या स्वामींचं नाव घ्यायच्या. पण हेल्मेटचा बक्कल लागल्यावर.

पायरी-पायरीने भीतीजवळ जायची ही रीत मानसोपचारात आता सर्वत्र आहे. विवेकनिष्ठ मानसोपचाराचा जनक अल्बर्ट एलिस एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायला इतका घाबरायचा की त्याने स्वतःला शिक्षाच लावून घेतली: न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या बागेत रोज जायचं आणि बाकावर एकट्या बसलेल्या बाईशी बोलायचंच. महिनाभरात १३० जणींजवळ बसला. तीस उठून गेल्या. शंभर बोलल्या. एक भेटायला कबूल झाली आणि ती आलीच नाही! पण एलिस म्हणे, कोणी ओरडलं नाही, कोणी पोलिस बोलावला नाही, आकाश कोसळलं नाही, भीती गेली. एलिस देव मानत नव्हता. मास्तर मानत होते. दोघांनी सांगितलेलं औषध एकच निघालं, म्हणून मला ते खरं वाटतं. (आजच्या पोरांनी कृपा करून हा प्रयोग निगडीच्या बागेत करू नये, वेगळ्या कलमाखाली आत जाल.)

नेमाने सगळंच बरं होतं असं मात्र समजू नका. झोप आठवडे-आठवडे उडाली, छातीत धडधड थांबेना, जगू नये असं वाटू लागलं, तर त्याला प्रदक्षिणा पुरत नाही. ताप आला की आपण मोहननगरच्या ईएसआय दवाखान्याची रांग धरतोच ना? तसंच हे. केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं. आणि ज्यांची भीती संध्याकाळी बाटलीत उतरते त्यांच्यासाठी पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे. तिथे जन्मभराची शपथ घ्यायला लावत नाहीत. आजचा एक दिवस प्यायची नाही, एवढंच. पुन्हा नेमच.

आता ती राहिलेली गोष्ट.

माउलींच्या सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार आपला चोप वर करतो आणि एका क्षणात सगळं शांत होतं. ज्यांनी अनुभवलंय त्यांच्या अंगावर आत्ताही काटा आला असेल. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, पाणी मिळालं नाही, जागेवरून भांडण झालं, कोणी हरवलं, ती दिंडी टाळ थांबवत नाही. चोप वर असतानाही ती वाजवत राहते. मग चोपदार त्या दिंडीकडे जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, तेव्हा तो टाळ थांबतो. हरवले-सापडलेले पुकारतात, उद्या निघायची वेळ सांगतात, आणि मग आरती. तक्रार मिटल्याशिवाय आरती नाही.

अहो, याहून चांगली सेफ्टी कमिटी मी कुठल्याच कंपनीत पाहिली नाही! शांतता पाळायची, पण टोचणी असेल तर शांतता मोडायचा हक्क प्रत्येक दिंडीला आहे. तो बंडखोरपणा मानला जात नाही; सोहळ्याचाच भाग मानला जातो.

आपल्या कायद्याला हे शहाणपण यायला भोपाळ व्हावं लागलं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधली ती रात्र. त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ४१-एच आलं. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात कामगारांना जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका असल्याची वाजवी धास्ती वाटली, तर ती त्यांनी मालकाच्या किंवा मॅनेजरच्या कानावर घालावी आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरलाही कळवावी, असं त्यात म्हटलं होतं. 'वाजवी धास्ती' हे मी मराठीत आणलंय, पण त्या कलमातला शब्द त्याच अर्थाचा होता. माझ्या नोकरीत मी हे कलम नव्या बॅचला वाचून दाखवायचो तेव्हा पोरं चमकायची. भीती वाटणं हा गुन्हा नाही, उलट कायद्याने तिला दरवाजा ठेवलाय, हे त्यांनी घरातही ऐकलेलं नसायचं. घरी ऐकलेलं असतं: मर्द होऊन घाबरतोस?

चार नंबरच्या प्रेसवर त्या सकाळी टाळ वाजवायला मी होतो. वहीत लिहून मी तो थांबवला. हे मी आजवर कुठल्या व्यासपीठावर बोललो नव्हतो.

याच भागात टाळ वाजवत राहिल्याचं उदाहरणही आहे. भामचंद्राच्या पायथ्याशी शिंदे-वासुली इथे डाऊ केमिकल्सचं संशोधन केंद्र येणार होतं. भोपाळच्या युनियन कार्बाइडची मालकी पुढे ज्या कंपनीकडे गेली तीच ही. आपल्या पाण्याचं, इंद्रायणीचं काय होईल, या धास्तीने २००८ साली गावकरी आणि वारकरी उभे राहिले, बंडातात्या कराडकर पुढे होते. केंद्र तिथे झालं नाही. त्या आंदोलनात जाळपोळही झाली आणि ती मला मान्य नाही. टाळाचं काम हातोड्याने करू नये. पण प्रश्न विचारायला ते घाबरले नाहीत, एवढं मान्य करावंच लागेल.

आणि जिथे चोपदारच नसतो? ८ डिसेंबर २०२३. तळवडे. वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या ठिणग्या उडणाऱ्या मेणबत्त्या बनवण्याचं विनापरवाना युनिट. आग लागली, मेलेल्यांत बहुतेक बायका होत्या. तिथे कुठलं कलम, कुठली कमिटी, कुठला इन्स्पेक्टर? त्या शेडमध्ये काम करणारीला सकाळी कितीही मनापासून देव आठवला असला, तरी तिची धास्ती ऐकायला समोर कोणी उभंच नव्हतं. श्रद्धेवर बोलणाऱ्या प्रत्येक वक्त्याने तळवड्याला एकदा जाऊन यावं, असं मला वाटतं. तिथून आल्यावर 'भीती सोडा' हे दोन शब्द तोंडातून सहज निघत नाहीत. काही भीती सोडायची नसते. ती योग्य माणसापर्यंत पोचवायची असते, आणि पोचेपर्यंत वाजवत राहायचं असतं.

४ मार्चला आपण सगळे हात पुढे करून सुरक्षेची शपथ घेतो. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचा तो स्थापनादिन, १९६६ सालचा. शपथ चांगली आहे, मी स्वतः कित्येक वर्षं माइकवरून सांगितली आहे. पण मास्तर शपथेला मागच्या रांगेत उभे राहायचे आणि संपली की मला हळूच विचारायचे, "साहेब, पाच तारखेला काय आहे?"

म्हणून जाता जाता एकच विनंती. १९८७ च्या त्याच दुरुस्तीत सुरक्षा समिती आली, आणि तीत व्यवस्थापनाचे जितके तितकेच कामगारांचे प्रतिनिधी, असं ठरलं. उद्या ज्यांची फर्स्ट शिफ्ट आहे त्यांनी पहिला चहा झाला की आपल्या खात्यात एवढंच विचारा: आपल्याकडची समिती कुठे आहे, आणि तीत आपल्या बाजूने कोण बसतं? नाव सांगता आलं नाही, तर मला फोन करा. मी निवृत्त आहे, दुपारी घरीच असतो.